बिनविरोध

माझा नवरा आयुष्यात एकच निवडणूक लढला, आणि तीही लढला नाही. तरी जिंकला. महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये त्याला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, लीड्सच्या काकांनी पाठीवर थाप मारली आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. आज मला त्या टाळ्यांचा सगळ्यात जास्त राग येतो, म्हणून हे लिहायला घेतलंय.

गोष्ट इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलची, आमच्या मुलीच्या प्राथमिक शाळेची. इथे शाळेला गव्हर्निंग बॉडी असते. दहा-बारा माणसं वर्षातून पाच-सहा वेळा शाळेच्या लायब्ररीत मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसतात आणि शाळेचे मोठे निर्णय घेतात. त्यात एक-दोन जागा पालकांच्या असतात, त्या पालकांनी मतं देऊन भरायच्या. पगार नाही, भत्ता नाही. चहा मिळतो, तोही आपला आपण करून घ्यायचा. असल्या जागेसाठी कोणी जिवाचं रान करेल, असं इथल्या पालकांना स्वप्नातही वाटत नाही. त्यांनी आमची माणसं पाहिलेली नाहीत.

एका पालकाची जागा रिकामी आहे असं पत्र मुलीच्या बुक बॅगमधून आलं. मी ते रिसायकलिंगमध्ये टाकणार होते. नवऱ्याने ते फ्रिजला टेकून दोनदा वाचलं. ‘पॅरेंट गव्हर्नर’ हे दोन शब्द त्याने मोठ्याने म्हणून पाहिले, आणि मला कळलं की आता हा थांबत नाही. आपल्याकडे गव्हर्नर म्हणजे राजभवनात राहणारा माणूस. त्या संध्याकाळी पुण्याला आईशी फोनवर बोलताना त्याने ‘पॅरेंट’ हा शब्द गाळला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. अर्ज भरायला अजून दहा दिवस होते, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तो माझ्याच घरात राहतो.

मी त्याला थांबवलं नाही, याला कारण होतं आणि ते कारण खरं होतं. आमची मुलगी तेव्हा सात वर्षांची. घरी तिचं तोंड मिटत नाही आणि शाळेत उघडत नाही. लाजाळू म्हणून नाही, हट्टी म्हणूनही नाही. शाळेच्या दारातून आत गेलं की तिला बोलताच येत नाही. डॉक्टरांकडे त्याला नाव आहे, पण तिने स्वतः सांगितलेलं मला जास्त पटतं. गळ्यापासून पोटापर्यंत हात फिरवत ती म्हणाली होती, “माझी आवाज खाली जाते, आई.” इथे जन्मलेली पोर, तिच्या मराठीत आवाज बाई आहे. मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

शाळेत जिन्याखाली एक छोटी खोली होती, पूर्वीचं स्टोअर. दारावर रेनबो रूम अशी पाटी. मंगळवारी आणि गुरुवारी तासभर आमची मुलगी तिथे जायची. तिथल्या बाई साठीच्या आसपासच्या, कायम कार्डिगनमध्ये, आणि त्यांना कशाचीच घाई नसायची. त्या मुलीला काही विचारायच्या नाहीत. शेजारी बसून आपलं आपलं रंगवत बसायच्या. त्यांनी तिला हिरव्या कागदाचं एक कार्ड करून दिलं, वर प्लॅस्टिक चढवलेलं. हजेरीला ‘यस मिस’ म्हणायचं नाही, कार्ड वर धरायचं. काही सांगायचं असलं तरी कार्ड वर धरायचं, मग बाई जवळ येणार आणि वाट बघणार. कितीही वेळ. दोन टर्म अशा गेल्या आणि एका गुरुवारी बाईंनी विचारलं, खिडकी बंद करू का, तर ही म्हणाली, “नो.” शाळेतला तिचा पहिला शब्द. बाईंनी मला ऑफिसात फोन केला. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते. त्या दिवशी टॉयलेटमध्ये जाऊन रडले आणि परत येऊन एकही चूक सापडली नाही असा रिपोर्ट दिला.

हे सगळं आमच्या ओळखीतल्या एकाही मराठी घराला माहीत नव्हतं. एकदा कोणाच्या तरी वाढदिवसाला एका बाईने विचारलंच, “तुमची मुलगी ट्यूसडे-थर्सडेला क्लासमधून बाहेर कुठे जाते गं? माझा मुलगा सांगत होता.” मी तोंड उघडायच्या आत माझा नवरा म्हणाला, “लीडरशिप ग्रुप आहे. सिलेक्टेड किड्स घेतात.” त्या बाईने लगेच तिच्या नवऱ्याकडे रागाने बघितलं, आपला का नाही सिलेक्ट झाला म्हणून. मी नागपूरची. आमच्या घरात बोलायला कोणाची परवानगी लागत नाही. पण त्या दिवशी मी बटाटेवड्यांची डिश पुढे केली आणि गप्प राहिले. लाज मलाही होतीच. त्याची लाज बडबड करते, माझी मुकी असते, एवढाच फरक.

त्या हिवाळ्यात शाळेच्या न्यूजलेटरमध्ये ‘डिफिकल्ट चॉइसेस’ हे शब्द दोनदा आले. ऑफिसात काम केलेल्या कोणालाही त्याचा अर्थ कळतो. रेनबो रूम बंद होणार, बाईंना घरी पाठवणार, असं गेटवर ऐकू यायला लागलं. निर्णय गव्हर्निंग बॉडी घेणार होती. म्हणून मी नवऱ्याला सांगितलं, “तू जा. पण एकाच कामासाठी जा. ती खोली राहिली पाहिजे.”

“ऑफ कोर्स,” तो म्हणाला. “दॅट्स द होल पॉइंट.”

अर्जासोबत अडीचशे शब्दांचं निवेदन जोडायचं होतं. ते मी लिहिलं. माझ्या निवेदनात रेनबो रूम पहिल्याच वाक्यात होती. नवऱ्याने ते त्याच्या एका मित्राला पॉलिश करायला पाठवलं. तो मित्र मोठ्या कंपनीत प्रोग्रॅम मॅनेजर, दिवसभर नाकाने कांदे सोलतो. निवेदन परत आलं तेव्हा त्यात ‘स्टेकहोल्डर’ चार वेळा होता, ‘डेटा ड्रिव्हन’ दोन वेळा, आणि रेनबो रूम एकदाही नाही.

“माझं वाक्य कुठे गेलं?”

“टू स्पेसिफिक होतं गं. नॅरो अजेंडा वाटतो. एकदा आत गेलो की बघतो ना मी.”

मी ते मान्य केलं.

अर्जांची मुदत संपली आणि शाळेने कळवलं की एका जागेसाठी दोन नावं आली आहेत. पुढच्या आठवड्यात दोघांची निवेदनं आणि मतपत्रिका बुक बॅगमधून घरोघरी जातील. दुसरं नाव माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. ती बाई वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करते, बहुतेक रात्रपाळी. तिचा मुलगा आमच्या मुलीच्याच वेळेला रेनबो रूममध्ये असायचा. तो चिडला की खुर्च्या उलथायचा आणि आमची पोर खुर्चीसारखी बसायची. दोघांना एकच खोली आणि एकच बाई. आम्ही दोघी आया कितीतरी वेळा ऑफिसबाहेरच्या बाकावर शेजारी बसलो होतो. तिने मला तिचं निवेदन गेटवर दाखवलं होतं. हाताने लिहिलेलं, जेमतेम दहा ओळी. त्यात स्टेकहोल्डर नव्हता. मला हे दुसरं काही कळत नाही, मी फक्त त्या खोलीसाठी उभी आहे, तिथे माझ्या मुलासारखी आरडाओरडा करणारी मुलं जातात आणि एक शब्दही न बोलणाऱ्या मुलीही जातात, असं तिने लिहिलं होतं.

रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये बैठक भरली. पाच-सहा बाप लोक, मांडीवर लॅपटॉप. एकाने एक्सेलमध्ये शाळेतल्या सगळ्या भारतीय पालकांची यादी केली होती. हिरवे म्हणजे आपले, पिवळे म्हणजे तळ्यात-मळ्यात, लाल म्हणजे इतर. ही माणसं सोमवार ते शुक्रवार बँकांची सॉफ्टवेअर सांभाळतात. बैठकीचे अध्यक्ष अर्थात काका. काकांनी पस्तीस वर्षं लीड्सच्या हॉस्पिटलात नोकरी केली, आता मेडनहेडला मुलाकडे असतात. अजूनही सगळे त्यांना लीड्सचे काकाच म्हणतात. त्यांना शाळेत नातवंड नाही, मत नाही, काही संबंध नाही. पण त्यांचे वडील साताऱ्याकडच्या एका गावात तीन वेळा बिनविरोध सरपंच झाले होते, आणि हे ते कुठल्याही विषयात आणू शकतात.

“यादी बंद कर,” काका म्हणाले. “मतदान झालं म्हणजे निम्मी बेअब्रू झाली. उद्या दोन मतांनी हरलास तर मंडळात तोंड दाखवशील का? आमच्या वडिलांनी गावात कधी मतदान होऊच दिलं नाही. समोरच्याला मानाने घरी बोलवायचं, चार गोष्टी सांगायच्या, बसवायचं. अर्ज मागे. सगळे खूश.”

“बट काका, इथे असं चालतं का?” एकाने विचारलं.

“माणसं सगळीकडे सारखीच असतात रे.”

प्रोग्रॅम मॅनेजरने लगेच शाळेचे नियम उघडून वाचले. एका जागेला एकच उमेदवार उरला तर मतदान होत नाही, तो निवडून आला असं जाहीर करतात. हॉलमध्ये असा आनंद झाला की जणू काकांच्या वडिलांनीच तो नियम करून ठेवला होता. मग प्रश्न आला, बसवायला जाणार कोण? एका गोऱ्या बाईच्या दारात सहा भारतीय पुरुष जाऊन उभे राहिले तर काय होईल, एवढी अक्कल त्यांना होती. सगळ्यांच्या माना हळूहळू स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. तिथे मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

“वहिनी, तुम्ही बोला ना. तुमची फ्रेंडच आहे ती.”

“बायकांचं बायकांशी जमतं,” काका म्हणाले.

मी नाही म्हणू शकले असते. तिथे मी कोणाला भीत नव्हते. ट्रे खाली ठेवून सांगायचं होतं, अहो, दोघांनाही एकच खोली वाचवायची आहे तर होऊ दे की मतदान, कोणीही आलं तरी काम होईल. पण मला त्या दहा ओळी आठवल्या. एक शब्दही न बोलणाऱ्या मुली. तो कागद सगळ्या बुक बॅगांमधून जाणार, आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरात वाचला जाणार, कोणीतरी आपल्या मुलाला विचारणार की अशी मुलगी कोण रे, आणि तो सांगणार. लीडरशिप ग्रुपचं बिंग फुटणार. मी म्हटलं, “बघते बोलून.”

मंगळवारी सकाळी ती रात्रपाळी संपवून मुलाला शाळेत सोडायला आली, तेव्हा मी तिला घरी घेऊन आले. कांदेपोहे केले. मुलगी बघायला आलेल्यांना देतात तेच. तिला भूक लागली होती, दोन डिश खाल्ल्या, लिंबू जास्त मागून घेतलं. डोळे तिचे मिटत होते. मी सगळं नीट मांडलं. ऑफिसात प्रेझेंटेशन देते तसंच. दोघांचं काम एकच आहे. मतं फुटतील, उगीच गेटवर दोन गट पडतील. तुझ्या शिफ्ट असतात, मीटिंगला सुट्टी मिळेल का? माझ्या नवऱ्याला बजेट वाचता येतं, त्याची नोकरीच ती आहे. आणि त्याची स्वतःची मुलगी आहे त्या खोलीत, तो नाही बोलणार तर कोण बोलणार?

तिने बशीतला शेवटचा शेंगदाणा उचलला. “तो बोलेल? मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर?”

“बोलेल.”

“तू शब्द देतेस?”

“देते.”

तिने तिथेच फोन काढला आणि शाळेला ईमेल लिहिला की मी माझं नाव मागे घेते. लिहून झाल्यावर मला म्हणाली, “माझं स्पेलिंग वाईट आहे, जरा बघतेस?” मी बघितलं. दोन चुका होत्या, त्या दुरुस्त करून दिल्या. मग तिने तो पाठवला, माझे आभार मानले, आणि जाताना मला मिठीही मारली.

नवऱ्याला मी ऑफिसात मेसेज केला. त्याने हात जोडल्याच्या अकरा खुणा पाठवल्या.

पुढच्या महिन्यात मंडळाचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम होता, त्यातच सत्कार उरकून घेतला. निवेदक म्हणाला, परक्या भूमीवर आपल्या माणसाची बिनविरोध निवड हा समस्त मराठी माणसाचा गौरव आहे. समस्त मराठी माणसं तेव्हा मसालेभाताच्या रांगेत होती. नवऱ्याने वीस मिनिटं भाषण केलं. हा माणूस स्टेजवर माईक मिळाला की सोडत नाही, काढून घ्यावा लागतो. ‘व्हॉइस ऑफ द व्हॉइसलेस’ असं काहीतरी तो म्हणाला आणि आमची मुलगी माझ्या मांडीवर बसून तिळगुळाची वडी चोखत होती. मी टाळ्या वाजवल्या, ते वर सांगितलंच आहे.

मग फेब्रुवारीत पहिली मीटिंग झाली. तो नवा ब्लेझर घालून गेला. आठच्या सुमाराला परत आला, बूट काढले, वरण गरम करून मागितलं.

“काय झालं खोलीचं?”

“सांगता येत नाही गं. कॉन्फिडेन्शिअल असतं सगळं.”

मला वाटलं, चला, निदान नियम तरी पाळतोय. दहा दिवसांनी पालकांना पत्र आलं. सर्व बाबींचा काळजीपूर्वक विचार करून गव्हर्नर्सनी एकमताने निर्णय घेतला आहे की ईस्टरनंतर रेनबो रूम बंद होईल. मी ते पत्र तीन वेळा वाचलं. ‘एकमताने’वर बोट ठेवून त्याला विचारलं, “हे एक मत कोणाचं?”

“कलेक्टिव्ह रिस्पॉन्सिबिलिटी असते. आत काय डिस्कशन झालं ते—”

“तू बोललास का?”

तो पाणी प्यायला. मग म्हणाला, “बोलायचं असतं तर आधी इंटरेस्ट डिक्लेअर करावा लागला असता. अजेंड्यावर फर्स्ट आयटमच असतो तो. की माझी मुलगी त्या रूममध्ये जाते. मग ते मिनिट्समध्ये येतं. मिनिट्स वेबसाइटवर टाकतात. आपल्या ग्रुपमधले सगळे वाचतात.”

“कोण वाचतं? तुझं अडीचशे शब्दांचं निवेदन तुझ्या आईनेही पूर्ण वाचलं नाही!”

“आणि फर्स्ट मीटिंगला ऑब्झर्व करायचं असतं. नवीन माणसाने लगेच अपोझ केलं तर इम्प्रेशन—”

मग मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, त्यातलं बरंचसं नागपूरचं होतं. घरात वाघ, मंडळात सिंह आणि बुटक्या खुर्चीवर मूग गिळून बसलेला गव्हर्नर! ज्या शाळेत सात वर्षांच्या मुलीने दोन टर्म झगडून एक ‘नो’ मिळवला, तिथे तिच्या चाळिशीतल्या बापाला तेवढंच म्हणायचं होतं. अक्षरंही तीच. पण भांडून झाल्यावर मी भांडी घासायला घेतली आणि मला स्वच्छ दिसलं की त्याला ज्या गोष्टीची लाज वाटली, त्याच गोष्टीच्या लाजेने मी पोहे केले होते. त्याने एक तोंड बंद ठेवलं. मी दुसरं, बोलणार होतं ते, बंद करून दिलं होतं.

माझे पोहे खाऊन गेलेली ती गेटवर भेटलीच. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, “तू म्हणाली होतीस तो बोलेल.”

“त्याने खूप प्रयत्न केला,” मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की मला माझीच किळस आली. तिने मान डोलावली. विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही.

ईस्टरची सुट्टी झाली. रेनबो रूमची पाटी निघाली, तिथे फोटोकॉपीचे कागद ठेवायला लागले. बाईंनी शेवटच्या दिवशी आमच्या मुलीला रंगांची एक पेटी दिली. नव्या टर्ममध्ये ती सगळा वेळ वर्गातच. वर्गात तीस मुलं आणि एकच टीचर, चांगली आहे बिचारी, पण तिला हिरवं कार्ड दिसेपर्यंत दुसऱ्या चौघांनी ओरडून उत्तर दिलेलं असतं. माझ्या त्या रात्रपाळीवाल्या मैत्रिणीचा मुलगा मे महिन्यापर्यंत दोनदा घरी पाठवला गेला. त्यामुळे तिच्या दोन शिफ्ट बुडाल्या.

मे महिन्यातच एका शुक्रवारी तिने गेटवर माझ्या हातात घडी केलेले चार कागद दिले. वेबसाइटवर चढलेले फेब्रुवारीच्या मीटिंगचे मिनिट्स. तिने कामावरच्या प्रिंटरवर काढून आणले होते. मग मुलाचा हात धरून निघून गेली. मी ते घरी येऊन वाचले. कोणीही इंटरेस्ट डिक्लेअर केला नाही. रेनबो रूमच्या मुद्द्यावर प्रश्न आहेत का, असं चेअरमनबाईंनी विचारलं. कोणीही प्रश्न विचारला नाही. मी कागद जेवायच्या टेबलावर तसेच ठेवले, नवऱ्याला दिसावेत म्हणून. त्याला दिसले, आणि त्याने त्यावर फळांची परडी ठेवली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी तो टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसला होता. मंडळाने त्याला पुढच्या महिन्यात वेबिनार घ्यायला सांगितलं होतं, ‘पॅरेंट गव्हर्नर कसे व्हाल’, त्याच्या स्लाइड चालल्या होत्या. मी टोस्ट भाजत होते. मुलीने परडीतलं केळं घेतलं, खालचे कागद ओढले आणि वाचायला लागली. तिला वाचायला चांगलं येतं. मनातल्या मनात वाचायला आवाज लागत नाही. ओळीओळीवर बोट फिरवत ती चारही पानं वाचत गेली. मला वाटलं चित्रं शोधतेय.

“बाबा, हे तुझं नाव आहे ना?”

“हो बेटा,” तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. “दॅट्स मी.”

“वरती आहे. रजिस्टरमध्ये. मग पुढे कुठेच नाही आहे. बाकी सगळ्यांची आहे. ही म्हणाली, हा म्हणाला. तू काहीच नाही म्हणाला.”

 मी टोस्टरकडे बघत उभी.

तिने शेवटचं पान पुन्हा एकदा तपासलं. मग खुर्चीवर गुडघ्यांवर उभी राहून त्याच्या अगदी जवळ गेली, आणि घरात कोणी आजारी असलं की आपण हळू बोलतो तशा आवाजात तिने विचारलं, “बाबा, तुझी पण आवाज खाली जाते?”

त्याने लॅपटॉप मिटला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, प्रोसेस वगैरे असणार, आणि बंद केलं.

“मला नाही माहीत होतं तुझं पण होते,” ती म्हणाली. “यू शुड हॅव टोल्ड मी.” ती खुर्चीवरून उतरली, जिना चढून गेली आणि स्कूल बॅगेतून कार्ड घेऊन खाली आली. कोपऱ्यातलं प्लॅस्टिक सुटायला लागलं होतं. तिने ते मिटलेल्या लॅपटॉपवर ठेवलं.

“नेक्स्ट मीटिंगला हे वर धर. बोलायला नाही लागत. पण कोणीतरी बघायला पाहिजे. नाहीतर हात दुखतो.”

“मग तुला?” त्याचा आवाज मला कसाबसा ऐकू आला.

“मला नको आता. वर्गात कोणी बघत नाही.”

मग तिने माझ्याकडे टोस्ट मागितला. लोणी लावून, कडा काढून.